इंग्लिश स्पीकिंगचा रविवारचा क्लास – सर फाइव्ह स्टार, नोट्स झिरो

मी ठाण्यात एका इंटेरियरवाल्यांकडे ऑफिस सांभाळते, कोटेशन, मेल सगळं माझ्याकडेच. दिवाळीआधी एका क्लायंटला मेल टाकला त्यात फर्निचर्स तीनदा आणि इन्फर्मेशन्स एकदा, मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त प्रिंट काढून चारही एस लाल पेनाने खोडले आणि कागद माझ्या टेबलावर ठेवला. मग काय, लावला क्लास. स्टेशनजवळच, 8 रविवार, 2500 फी.

पहिले दोन रविवार 'मायसेल्फ अमुक तमुक' यातच गेले, अक्षरशः वाया. तिसऱ्या रविवारी नाउन सुरू झाले आणि तिथे पैसे वसूल. सर नुसते नियम पाठ करून घेत नाहीत, आपली चूक मराठीतून कुठून येते ते दाखवतात. आपले केस गळतात, म्हणजे अनेकवचन, म्हणून आपण म्हणतो माय हेअर्स आर फॉलिंग. इंग्रजीत डोक्यावरचे सगळे मिळून एकच हेअर. मी विचारलं, मग हेअर्स शब्दच नाही का? तर म्हणाले, ताई, वरणात दोन केस सापडले तर टू हेअर्स बिनधास्त म्हणा, ते तुम्ही मोजलेत ना. तेव्हापासून ही चूक परत झाली नाही.

पैशांचं पण तेच, आपल्याकडे पैसे 'आहेत', त्यांच्याकडे मनी 'इज'. बातम्या आपल्या ढीगभर, त्यांची न्यूज शेवटी एस असूनही एकच. कात्री नेमकी उलटी, आपली एक असते पण त्यांच्याकडे दोन पाती म्हणून कायम सीझर्स, एकच हवी असेल तर अ पेअर ऑफ सीझर्स. चष्मा आणि पँटचं पण तसंच, आणि मी आजवर स्टेशनरीच्या दुकानात 'एक सीझर द्या' म्हणत आले. शीपला एस लागत नाही म्हणून मागे दोघं हसले तर सर म्हणाले, एक लाडू दोन लाडू म्हणताना हसता का?

सगळ्यात भारी लगेज. आपण पण सामान मोजत नाही, दोन सामानं कोण म्हणतं, दोन डाग म्हणतो. इंग्रजीत हुबेहूब तेच, टू पीसेस ऑफ लगेज, तरी आपण लगेजेस करतोच, म्हणजे इथे मराठीवर ढकलायची पण सोय नाही. कझिन ब्रदरवरून एक काकू भांडल्याच, नुसतं कझिन म्हटलं तर भाऊ की बहीण कळणार कसं? सर म्हणाले, नाही कळत, त्यांचं अडत नाही. काकूंना काही पटलं नाही, आणि खरं सांगू, मलाही नाही.

आता तक्रारी. एका खोलीत 45 जण, मागे बसलात तर फक्त पंखा ऐकू येतो. अ, अ‍ॅन, द हे मराठीत मुळातच नाही म्हणजे आपल्याला तिथेच जास्त वेळ लागणार, तर ते शेवटच्या रविवारी 20 मिनिटांत उरकलं. स्पेलिंग नाही, उच्चार बघा, म्हणून अ‍ॅन अवर आणि अ युनिव्हर्सिटी, एवढं सांगितलं आणि सर्टिफिकेट वाटप सुरू. 'द' चा नंबर आलाच नाही.

आणि नोट्स! वेगळे 150 रुपये घेतात आणि पान 9 वर, जिथे कशाकशाला एस लावू नये ती यादी आहे, तिथे मथळ्यातच इक्विपमेंट्स छापलंय. मी सरांना दाखवलं तर ते कपाळाला हात लावून म्हणाले, नोट्स ऑफिस छापतं हो.

डेमो लेक्चर फ्री आहे, ते आधी करा, आणि पुढे बसायला मिळणार असेल तरच फी भरा. नोट्स घेऊ नका, माझ्याकडच्या झेरॉक्स करून घ्या, पान 9 मी दुरुस्त केलंय.