घरासाठीची रायफल: फ्लॅश हायडर की मझल ब्रेक?

टेक्सासमधल्या एका मित्राने घराच्या संरक्षणासाठी एआर-१५ घेतली आहे. नळीच्या तोंडाशी काय लावावं, यावर त्याचं अडलंय: भडका लहान करणारा फ्लॅश हायडर, की धक्का आवरणारा मझल ब्रेक.

माझ्या मते खरा मुद्दा आवाजाचा. तिच्या ५.५६ मिमी काडतुसाचा बार १६० डेसिबलच्या आसपास जातो; १४०च्या वर एकच बारही कान कायमचा अधू करू शकतो. मझल ब्रेक वायू बाजूला आणि मागे वळवतो, त्यामुळे दणका चालवणाऱ्यावर आणि शेजारी उभ्या असलेल्यांवर येतो. बंद खोलीत, पोरंबाळं जवळ असताना, हे मला अजिबात पटत नाही. हायडर आवाज कमी करत नाही, पण तो मागेही फेकत नाही.

अंधारात हायडरमुळे भडका लहान होतो, डोळे कमी दिपतात. धक्का आवरण्यात ब्रेक सरस, पण ५.५६ला धक्का मुळातच थोडा.

खर्चात तर तुलनाच नको: ‘ए-टू’ नावाचा साधा हायडर बहुतेक एआर-१५ रायफलींवर आधीच असतो.

कॅलिफोर्नियात मात्र सावध. तिथे मॅगझिन निघणाऱ्या अर्धस्वयंचलित सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आघात होऊन बार उडणाऱ्या) रायफलीवर हायडर चालत नाही.

घरासाठी हायडर. स्पर्धेत झटपट नेम धरायचा असेल, तर ब्रेक, तोही कानांवर दुहेरी संरक्षण चढवून. आणि दोन्हींआधी कुलपाची तिजोरी घे.