फ्लटर ॲप सांगून वेबसाइट गळ्यात मारली

आमचा कोथरूडला दुधाच्या रतीबाचा धंदा आहे, पहाटे साडेचारला पोरं निघतात आणि कोणाकडे किती लिटर टाकलं, कोणाचा खाडा, सगळं वहीत. म्हटलं ॲप करून घेऊ. ओळखीतून एक जण आला, बोलायला एकदम गोड, म्हणाला दादा फ्लटरमध्ये करतो, ॲप बनवायचं गूगलचं टूल आहे, एकदाच कोड लिहायचा आणि अँड्रॉइड-आयफोन दोन्हीकडे चालतं म्हणून स्वस्तात पडेल. एवढं तरी खरं होतं. १,४०,००० ठरले, अर्धे आधी. मी चार वेळा बजावलं की बाबा सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये रेंज नसते, नेट नसताना एन्ट्री झाली पाहिजे. हो हो दादा, डेटा फोनमध्येच सेव्ह होईल.

डेमो दुकानातल्या वायफायवर झाला, झकास, आणि मी उरलेले पैसे तिथल्या तिथे देऊन टाकले. इथेच माती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोराचा फोन, काका, 'वेबपेज नॉट अव्हेलेबल' येतंय. आता ॲपमध्ये वेबपेज कुठून आलं?

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन लेआउट बाउंड्स (स्क्रीनवरच्या प्रत्येक भागाभोवती चौकट दाखवणारी सोय) चालू केलं, तर अख्ख्या स्क्रीनला एकच चौकट. साध्या नेटिव्ह, म्हणजे फोनचीच बटणं वापरणाऱ्या ॲपमध्ये प्रत्येक बटणाभोवती वेगळी दिसते. लगेच त्या माणसाला धरलं तर तो हसून म्हणतो, फ्लटरमध्येपण एकच दिसते. आणि ते खरं निघालं! फ्लटर फोनची बटणं वापरतच नाही, सगळी स्क्रीन स्वतःच रंगवतं. मग भाच्याने व्हॉट्सॲपवर आलेल्या एपीकेचं (अँड्रॉइड ॲपची फाइल) नाव बदलून झिप केलं आणि उघडली. फ्लटर असतं तर आत लिब फोल्डरमध्ये लिबफ्लटर नावाची फाइल असती, इथे लिब फोल्डरच नाही, नुसता एक वेबव्ह्यू, म्हणजे ॲपच्या आत साइट दाखवणारी खिडकी, आणि त्याच्या सर्व्हरवरच्या साइटचा पत्ता. (फ्लटरच्या आतही वेबव्ह्यू कोंबता येतो हां, त्यामुळे ती फाइल दिसली म्हणून लगेच खूश होऊ नका.)

आयफोनचं तीन आठवडे 'रिव्ह्यूला आहे दादा'. शेवटी मेलचा फोटो मागितला तर ॲपलने कधीच परत पाठवलेलं, त्यांचा ४.२ नंबरचा नियम आहे, नुसती साइट गुंडाळून आणलेलं ॲप घेत नाहीत.

सगळ्यात झोंबलं ते वेगळंच. प्ले स्टोअरचं अकाउंट त्याच्या नावावर. ते काढायला एकदाच २५ डॉलर लागतात, तेवढे तुमचे वाचवतो म्हणाला होता आणि मला वाटलं काय भला माणूस आहे. आता ॲप माझ्या नावावर करायचं तर ते त्यानेच करून द्यायला लागतं, आणि तो फोन उचलत नाही. शेवटचं बोलणं झालं तेव्हा सोर्स कोडचे अजून ३०,००० मागत होता. चौकीत गेलो तर साहेब म्हणाले ॲप दिलंय ना त्याने, मग हा दिवाणी मामला.

कोणी करून घेणार असाल तर अकाउंट आधी स्वतःच्या नावावर काढा, कोड दर आठवड्याला तुमच्या गिटहबवर (कोड ठेवायची साइट) टाकायला लावा, आणि डेमोला फोन तुमचा घ्या, फ्लाइट मोड लावून पाच एन्ट्र्या करून बघा, मगच खिशात हात घाला.

पोरं परत वहीवर आलीत. एक जण तर म्हणाला काका वहीच बरी, पावसात फक्त प्लास्टिकची पिशवी लागते.