सातपुड्याच्या दऱ्यांत पोकळ तंतूंचा फिल्टर

तोरणमाळच्या पठारावरून उत्तरेला नर्मदेकडे उतरणाऱ्या दऱ्यांत एकट्याने मुक्कामी भटकंती करताना पाठीवरचे सर्वांत मोठे ओझे पाण्याचे असते. एका लिटरला एक किलो हा हिशेब टळत नाही, आणि होळीच्या आसपासच्या उन्हात चढउतार करणाऱ्याला दिवसाला चार-पाच लिटर पाणी सहज लागते. अक्राणी तालुक्यात दोन पाड्यांमधले अंतर नकाशावर थोडे दिसले, तरी मध्ये एखादी खोल दरी उतरून पुन्हा चढायची असते. त्यामुळे वाटेत मिळेल ते पाणी पिण्याजोगे करून घेण्याची सोय सोबत असावीच लागते. त्यासाठी मी पोकळ तंतूंचा, मुठीत मावणारा फिल्टर नेला होता. तो मला मनापासून आवडला. मात्र तो कोणत्या पाण्याला चालतो आणि कोणत्या पाण्याला चालत नाही, हे घेणाऱ्याने आधी समजून घ्यावे.

हा फिल्टर पाण्याने भरलेल्या पिशवीच्या तोंडाला लावायचा आणि पिशवी पिळून पाणी त्यातून गाळून घ्यायचे. त्याच्या नळीत शेवयांसारख्या बारीक, पोकळ तंतूंचा जुडगा असतो आणि तंतूंच्या भिंतींना सुमारे ०.१ मायक्रॉनची छिद्रे असतात. पटकी, विषमज्वर आणि हगवण यांचे जीवाणू त्याहून मोठे असल्यामुळे बाहेरच अडकतात. जिआर्डिया या जुलाब घडवणाऱ्या परजीवीचे कोष तर कितीतरी मोठे असतात. नारू या जंताच्या रोगाच्या निर्मूलनाच्या वेळी पाणी फडक्यातून गाळून पिण्याचा जो आग्रह धरला गेला, त्यामागेही हेच तत्त्व होते, कारण नारूची अळी ज्या सूक्ष्म जलजीवाच्या पोटात असते तो कापडातही अडकतो. २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला, त्यात त्या साध्या फडक्याचा वाटा मोठा होता. विषाणू मात्र या छिद्रांतून पार होतात. दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीचे विषाणू त्यांतलेच. म्हणून वस्तीच्या खालच्या अंगाला वाहणाऱ्या नाल्याचे पाणी मी गाळल्यावरही उकळून घेतले. ज्यांना चूल पेटवायची नसेल त्यांनी आधी गाळून मग क्लोरीनची गोळी टाकावी आणि अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात गोळीचा प्रभाव कमी होतो, म्हणून हा क्रम उलटा करू नये.

फिल्टरची खरी परीक्षा गाळाशी असते. सातपुड्याचा काळा कातळ पाणी फारसे धरून ठेवत नाही. जे मुरते ते दोन थरांच्या सांध्यातून कुठेतरी पाझरते, आणि उन्हाळा लागला की नाल्यांत फक्त डोह उरतात. त्या डोहांत गुरे उतरतात आणि पाला कुजतो. असे पाणी थेट फिल्टरमध्ये घातले की धार पाहता पाहता मंदावते, आणि दमलेल्या माणसाला बाटलीभर पाण्यासाठी कितीतरी वेळ पिशवी पिळत बसावे लागते. एका पाड्यावरच्या आजींनी मला डोहाचे पाणी भरू दिले नाही. कोरड्या पात्रातला झिरा दाखवला. पात्रातल्या वाळूत हाताने खड्डा करायचा, पहिले गढूळ पाणी उपसून टाकायचे आणि आत हळूहळू निथळणारे पाणी वाटीने भरायचे, ही तिथली रोजची रीत आहे. वाळूने निम्मे काम आधीच केलेले असल्यामुळे झिऱ्याचे पाणी फिल्टरमधून सरळ, वेगाने उतरले. झिरा मिळाला नाही तेथे मी भांड्यात तुरटी फिरवून पाणी निवळू दिले आणि वरचे पाणी सुती फडक्यातून पिशवीत ओतले. तेवढ्यानेही फरक पडतो. दिवसाअखेर सोबतच्या सिरिंजने स्वच्छ पाणी उलट दिशेने जोरात सोडले की अडकलेला गाळ बाहेर येतो. ही सिरिंज वजन वाचवण्यासाठी घरी ठेवू नये.

तक्रार आहे ती फिल्टरसोबत मिळालेल्या पिशवीची. पिळण्याचा सगळा ताण तिच्या कडेच्या चिकटवलेल्या शिवणीवर येतो, आणि माझी पिशवी तोंडाजवळ फाटली. इतक्या चांगल्या वस्तूला इतकी कच्ची जोड देणे योग्य नाही. सुदैवाने फिल्टरच्या आट्या बाजारात मिळणाऱ्या साध्या पाण्याच्या बाटलीला बसतात, म्हणून पुढची चाल अडली नाही. विकत घेतानाच आपल्या बाटलीवर तो घट्ट बसतो ना, हे पाहून घ्यावे. वेष्टनावर छापलेल्या लाखो लिटरच्या आकड्यावर मी विसंबणार नाही; तो आकडा निर्मळ पाण्यासाठी ठीक असेल, डोहाच्या पाण्यासाठी नाही.

सपाटीवर, तापीकाठच्या केळी-कापसाच्या शिवारात, हा फिल्टर वापरू नये. फवारणीची औषधे आणि खते पाण्यात विरघळलेली असली तर ती तंतूंतून जशीच्या तशी पलीकडे जातात, आणि पाणी नितळ दिसते म्हणून माणूस फसतो. तिथे गावातल्या नळाचे पाणी मागून घेणेच बरे.

थंडीत पठारावर मुक्काम असेल, तर ओला फिल्टर रात्री झोपण्याच्या पिशवीत घ्यावा. आत पाणी गोठले की तंतू फुटतात आणि ते बाहेरून दिसत नाही. शंका आल्यास फिल्टर पाण्याने पूर्ण भिजवून एका टोकातून फुंकून पाहावे: तंतू शाबूत असतील तर हवा पलीकडे जात नाही, आणि हवा गेली तर तो फिल्टर टाकून द्यावा. घरी आल्यावर आपल्याकडच्या कठीण पाण्याने तो धुतला तर क्षार बसून धार पुन्हा मंदावते; त्यावर व्हिनेगरमध्ये थोडा वेळ भिजवणे, नंतर स्वच्छ पाण्याने धुणे आणि पूर्ण वाळवून मगच डब्यात ठेवणे, एवढे पुरते.