गवंडीकाम शिकायचंय? आयटीआय की मिस्त्रीच्या हाताखाली

परवा पुतण्याने विचारलं, काका गवंडीकामाला आयटीआय करू का सरळ मिस्त्री धरू. मी दोन्ही केलंय, आधी वर्षभर आयटीआय आणि मग तीन वर्षं जुन्या नाशकात चुन्याने वाडे दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीकडे. फ्लॅटस्कीमवर सिमेंटचंच काम करायचं असेल तर पुढचं वाचू नका, डोळे झाकून आयटीआय करा.

तिथं ड्रॉइंग वाचता येतं, एस्टिमेट काढता येतं, इंग्लिश बॉन्ड फ्लेमिश बॉन्ड या विटा रचायच्या पद्धती तोंडपाठ होतात आणि हातात कागद येतो, पुढे १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखाली कंपनीत लागलात तर स्टायपेंड पण सुरू. मिस्त्रीकडे पहिले चार महिने मी नुसता चुना चाळला, मजुरी हेल्परची, पावसाळ्यात तर ती पण नाही.

पण आयटीआयत एक गोष्ट मला कायम खटकली. सकाळी भिंत बांधायची, सरांनी ओळंबा लावून मार्क द्यायचे आणि दुपारी तीच भिंत पाडून विटा साफ करून रचून ठेवायच्या. विटा जोडायचा मसाला पण मातीचा, म्हणजे विटा परत वापरता येतात. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, रोज नव्या विटा कोण देणार, पण वर्षभरात माझी एक भिंत दुसऱ्या दिवशी उभी असलेली मी पाहिली नाही. आणि चुन्याचं खरं काम दुसऱ्या दिवसापासूनच सुरू होतं ना! तो सिमेंटसारखा रात्रीत धरत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढत सावकाश दगड होतो, तोवर ओलं पोतं, सावली आणि आपलं लक्ष.

एका वाड्यात आधी कोणीतरी सिमेंटने लिंपलं होतं, ओल आत अडकून सगळं फुगलेलं, आतल्या विटेचा भुगा. ते काढून मी चुन्याचा गिलावा केला आणि खुशीत घरी गेलो, तिसऱ्या दिवशी बघतो तर उन्हाने केसाएवढ्या चिरा. मिस्त्री ओरडला नाही, अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं, म्हणाला रुततंय अजून, पाणी शिंपड आणि रंध्याने, म्हणजे गिलावा घोटायच्या लाकडी फळीने, दाब. मिटल्या चिरा! नख रुतलं नसतं तर अख्खा गिलावा उकरावा लागला असता.

तसा त्याचाही त्रास होताच. चुन्यात गूळ किती, बेलफळाचं पाणी किती घालायचं, विचारलं की एकच उत्तर, अंदाजाने. मी गुपचूप डबे मोजून वहीत लिहायचो, दोनदा कधी आकडा जुळला नाही, आता कळतं की चुना किती मुरलाय त्यावर ते असतं. आणि काळाराम मंदिरासारखं घडीव पाषाणाचं काम डोक्यात असेल तर दोन्हीकडे मिळणार नाही, पाथरवट शोधा.

पुतण्याला म्हटलं फॉर्म भरून टाक, वहिनींना कागद पाहिजे. पण अ‍ॅडमिशन होईपर्यंत रोज सकाळी माझ्याबरोबर साइटवर ये, आणि खोबरेल तेलाची बाटली आण, चुन्याने बोटं सोलतात.