वागळे इस्टेटच्या गाळ्यात उजेडाचे पत्रे: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक भागात आमचा शिवणकामाचा गाळा आहे. त्याच्या छपरात दिवसाचा उजेड आत सोडणारे प्लास्टिकचे पत्रे बसवले, त्याचा हा अनुभव. आधी पैशाचं सांगते, कारण सगळे तेच विचारतात. वीजबिल कमी होतं का? होतं. पण नुसत्या त्या बचतीवर पत्रे कधी वसूल होतील याचं गणित मांडत बसलात, तर कधी बसवणारच नाही. आमच्या ट्यूब आधीच एलईडी होत्या. त्या दिवसा बंद ठेवून वाचून वाचून किती वाचणार? मशिनच्या मोटरी, पंखे आणि इस्त्र्या तर चालूच असतात. ज्यांच्याकडे अजून जुन्या चोकच्या ट्यूब नाहीतर हॅलोजन आहेत, त्यांना फरक जास्त जाणवेल.

मला हे पत्रे हवे होते ते रंगासाठी. आमचं काम शाळेच्या गणवेशांचं. नेव्ही ब्लू, काळा, मरून, बॉटल ग्रीन. म्हणजे कमी उजेडात डोळ्यांना फसवणारे सगळे रंग एकाच छताखाली. रंगवताना वापरलेले डाय, म्हणजे मूळ रंग, वेगवेगळे असतील तर ट्यूबखाली तंतोतंत जुळलेले दोन दोरे दारात नेले की एक निळा दिसतो, दुसरा जांभळट. म्हणूनच कापडवाले शेड जुळवायला ६५०० केल्विनचा, डी६५ म्हणतात तो दिवसाच्या उजेडासारखा दिवा वापरतात. आमच्या चेकिंगच्या मावशी शंका आली की पीस घेऊन शटरबाहेर रस्त्यावर जायच्या, टेम्पो चुकवत. आता चेकिंग टेबलच पत्र्याखाली आलंय. फेब्रुवारीत नेव्ही पँटचा लॉट इस्त्रीला जायच्या आत त्यांनी हाक मारली, "ताई, हा दोऱ्याचा कोन कोणी लावला? बॉटमला काळा दोरा चाललाय बघा." ट्यूबखाली मला अजूनही तो नेव्हीच दिसला असता.

युरोपातल्या प्रमाणात शिवणकामाला ७५० लक्स आणि कापडाच्या रंगतपासणीला १००० लक्स उजेड धरतात. लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप. मी मोजलं ते मोबाइलच्या ॲपवर, त्यावर किती विसंबायचं हा प्रश्न आहेच. पण आधी टेबलावर दीड-दोनशेच्या पुढे आकडा जात नव्हता, आता उघडीप असली की सकाळी दहापासून चारपर्यंत हजाराच्या वरच असतो.

बसवले ते पॉलिकार्बोनेटचे, पोकळ नळ्यांचे, दुधी रंगाचे. पारदर्शक नकोत यावर आमचे कटिंग मास्टर अडून बसले होते आणि त्यांचंच बरोबर निघालं. शेजारच्या गाळ्यात पारदर्शक आहेत, तिथे उन्हाचा चौकोन दिवसभर टेबलावरून सरकत राहतो आणि सुईच्या प्लेटवर तिरीप आली की कारागीर मान वाकडी करून शिवतो. दुधी पत्रा उजेड पसरवतो, सावली गडद पडत नाही. फायबरचे पत्रे स्वस्त मिळतात, पण ते पिवळे पडलेले या भागात मान वर केली की दिसतात.

जागा निवडताना छताचा उत्तरेकडचा उतार घेतला. गिरणगावातल्या जुन्या गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरं आठवतात ना? त्यांच्या काचा उत्तरेला ठेवायचे, म्हणजे उजेड आत येतो आणि थेट ऊन येत नाही. आमचं छप्पर साधं दुपाखी, त्यामुळे तेवढं जमणार नव्हतं, पण उत्तर उतारानेही बराच फरक पडतो. फक्त मे ते जुलै सोडून. ठाण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी शून्य सावलीचा दिवस येतो, आणि मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेलाच जातो.

आणि मे म्हणजे आमचा सीझन. जूनला शाळा उघडतात, त्यामुळे तेव्हाच सगळ्या मशिन भरलेल्या असतात. भर दुपारी एका आठ बाय तीन फुटांच्या दुधी पत्र्यातून ढोबळमानाने हजारभर वॅट उष्णता आत येते. म्हणजे प्रत्येक पत्र्यामागे छताला एक चालू इस्त्री टांगल्यासारखंच. त्यावर उपाय म्हणून नर्सरीवाले वापरतात ती हिरवी जाळी पत्र्यांवर बाहेरून ताणून बांधली. आतून बांधून उपयोग नाही, ऊन तोवर आत आलेलं असतं. जोडीला छतावर वाऱ्याने फिरून आतली गरम हवा बाहेर काढणारे दोन टर्बो व्हेंटिलेटर होतेच. तरीही दुपारी दोनला गाळा गरम वाटतो हे लपवत नाही. ज्यांचं काम एसीत चालतं त्यांनी पत्रे कमी ठेवावेत. छताच्या चार-पाच टक्के पुरतात.

पावसाळ्याचं खरं भय गळतीचं. पॉलिकार्बोनेट उन्हात लोखंडी पत्र्याच्या पाच-सहा पट फुगतं. म्हणून स्क्रूचं भोक मोठं हवं, वर रुंद रबर वॉशर हवा आणि स्क्रू आवळून टाकायचा नाही. घट्ट आवळला की भोकापाशी तडा जातो आणि मग कितीही सिलिकॉन थापा, जुलैत थेंब टपकणारच. आमच्याकडे पाणी आलं नाही, पण एका पत्र्याच्या नळ्यांची तोंडं पत्रेवाल्याने उघडीच सोडली होती. ऑगस्टपर्यंत त्यात हिरव्या शेवाळाच्या रेघा आल्या, त्या आता बाहेरून पुसून जात नाहीत. वरचं तोंड ॲल्युमिनियमच्या टेपने बंद, खालचं ओल बाहेर जाऊ देणाऱ्या टेपने, हे काम सुरू असतानाच बघून घ्या. पत्र्याच्या एका बाजूला यूव्ही, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, अडवणारा थर असतो, ती बाजू वर आहे ना हेही. फिल्म काढून टाकली की दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. पत्रा स्वस्त आहे, मजुरी आणि फ्लॅशिंगमध्येच, म्हणजे सांध्यातून पाणी येऊ नये म्हणून लावतात त्या पट्ट्यांमध्येच, पैसे जातात. तिथे घासाघीस करू नका.

ढगाळ दिवसांत, विशेषतः जुलैत, अर्ध्या ट्यूब लावाव्याच लागतात. कापडाची थानं पत्र्याखाली रचू नका. यूव्ही बहुतेक अडतो, पण घडीच्या कडेचा रंग उडायला नुसता उजेडही पुरतो.

एका गोष्टीत तडजोड करू नका, पत्र्याखाली लोखंडी जाळी. धूळ बसली की वरून हा पत्रा आणि बाकीचे पत्रे वेगळे ओळखू येत नाहीत. पावसाआधी डागडुजीला चढलेला माणूस नेमका यावर पाय देतो आणि थेट खाली येतो, असे अपघात होतात. आमच्याकडे येऊरच्या जंगलाकडून माकडंही येतात. ती उड्या मारतात तेव्हा मावशी अजूनही टेबलापासून बाजूला सरकतात, पण जाळीने आत्तापर्यंत सगळं पेललंय.

घरासाठी विचारणाऱ्यांना एवढंच सांगेन. रो-हाऊस असेल तर जिन्याच्या वरची जागा उत्तम, एक छोटा पत्रा बसवला तरी मधला काळोख जातो. फ्लॅट वरच्या मजल्यावर असला तरी गच्ची सोसायटीची असते, परवानगीशिवाय स्लॅबला हात लावू नका, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्याशिवाय तर मुळीच नाही. गाळा भाड्याचा असेल तर मालकाकडून आधी लेखी घ्या, आणि सोडताना पत्रे कोणाचे, हेही त्याच कागदावर.