ऑपरेशनची तारीख विचारणारा विक्रेता

पहिला प्रश्न साधाच असतो: "ऑपरेशन कधी झालं?" वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पथ्याने बेजार झालेल्या माणसाला कुठूनतरी एखादा 'डाएट कोच' गाठतो आणि हा प्रश्न टाकतो. मागोमाग दुसरा: "स्लीव्ह की बायपास?", म्हणजे जठर कापून बारीक केलं की वर छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडली? हिमोग्लोबिन किती, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत का, उलट्या होतात का, यातलं काही तो विचारत नाही. आहार ठरवणाऱ्याला हे सगळं लागतं, विकणाऱ्याला मात्र तारीख पुरते. या शस्त्रक्रियेनंतर कोणत्या आठवड्यात काय अडतं आणि काय आपोआप सुधारतं, याचं वेळापत्रक जवळपास ठरलेलं आहे आणि हा सगळा धंदा त्याच वेळापत्रकावर चालतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं आपण म्हणतो. इथला कावळा फांदी कधी मोडणार हे आधी विचारून घेतो आणि मग बसतो.

त्याची पहिली फांदी म्हणजे तिसरा आठवडा. खाण्याचा क्रम साधारण असा असतो: पहिले एक-दोन दिवस नितळ द्रव, दुसरा आठवडा संपेपर्यंत पातळ पण प्रथिनं असलेले पदार्थ, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं गुळगुळीत अन्न, पाचव्या-सहाव्यात मऊ, आणि त्यानंतर हळूहळू नेहमीचं. सुरुवातीला भराभर उतरणारा काटा तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला अडतो. पहिल्या दिवसांत उतरलेल्या वजनात यकृत-स्नायूंमधल्या ग्लायकोजेनचा आणि त्याच्याबरोबरच्या पाण्याचा वाटा मोठा असतो. १ ग्रॅम ग्लायकोजेन सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. तो साठा संपला की काटा काही दिवस थबकतो आणि काहीही न करता पुन्हा हलतो. नेमक्या त्या दिवसांत "तुमचं मेटॅबॉलिझम झोपलंय" असं सांगून 'खास बॅरिअॅट्रिक (म्हणजे वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचं) किट' गळ्यात मारलं जातं. काटा हलला की श्रेय किटला.

किटमधला सगळ्यात मोठा डबा प्रोटीन पावडरचा असतो आणि फसवणूकही सगळ्यात जास्त त्यातच असते, म्हणून तो नीट उघडून पाहू.

दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत, बऱ्याच जणांना ६० ते ८० सांगितली जातात. स्लीव्हमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढलेला असतो, बायपासमध्ये वरची पिशवी सुमारे ३० मिलिलिटरची उरते. एवढ्या जागेत साध्या अन्नातून ६० ग्रॅम गाठणं पहिल्या महिन्यांत कठीण जातं, त्यामुळे पावडर लागते हे खरं. प्रश्न डब्यात काय आहे हा आहे. डब्याच्या तोंडावर ठळक लिहिलेलं असतं: 'दर सर्व्हिंगला २५ ग्रॅम प्रोटीन'. ती सर्व्हिंग किती ग्रॅमची, हे मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं. ३० ग्रॅम पावडरमधून २५ ग्रॅम मिळत असतील तर तो चांगला आयसोलेट, म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन. ६० ग्रॅममधून २५ मिळत असतील तर उरलेल्या ३५ ग्रॅमचं काय? बहुतेकदा माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिष्टापासून केलेली स्वस्त भर. शिवाय ६० ग्रॅम पावडर कालवायला पेलाभर द्रव लागतो आणि तो घोट घोट घेताना अर्धी दुपार जाते. म्हणून सर्व्हिंगचा आकडा सोडून 'प्रति १०० ग्रॅम' हाच रकाना पाहायचा. आयसोलेटमध्ये तिथे ८० ते ९० असतात. तो रकानाच नसेल तर डबा परत ठेवावा.

यापुढची चलाखी लेबल वाचूनही सहजी कळत नाही. प्रथिनं मोजायची जुनी पद्धत योहान केल्डालने १८८३ साली दिली: पदार्थातलं नायट्रोजन मोजायचं आणि त्याला ६.२५ ने गुणायचं. ते नायट्रोजन प्रथिनातलंच आहे की आणखी कशातलं, हे ती पद्धत ओळखत नाही. मग पावडरमध्ये ग्लायसिन, टॉरिन किंवा क्रिएटिन अशी नायट्रोजन असलेली स्वस्त द्रव्यं मिसळतात. १ ग्रॅम ग्लायसिन या हिशोबात १.१७ ग्रॅम 'प्रथिनं' दाखवतं आणि क्रिएटिन तर पावणेदोन ते दोन ग्रॅम. लेबलवरचा आकडा प्रयोगशाळेत खरा ठरतो, तरी शरीराला मिळायचं ते मिळत नाही. जनावरांच्या कातडी-हाडांतून काढलेल्या कोलाजेनची गत थोडी वेगळी आहे. ते खरं प्रथिन आहे, पण त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल मुळीच नसतं, त्यामुळे एकमेव प्रथिन म्हणून त्याची गुणवत्ता शून्य धरली जाते. "हलकं आहे, पाण्यात लगेच विरघळतं, पोटाला जड नाही" असं सांगून तेच विकतात. ते खरंच हलकं असतं, आणि ६० ग्रॅमच्या हिशोबातही तितकंच हलकं भरतं.

पकडायचं कसं? अमिनो आम्लांचा तक्ता मागा. व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रथिनाच्या २५ ग्रॅममध्ये ल्युसिन हे अमिनो आम्ल साधारण अडीच ग्रॅम निघतं आणि ग्लायसिन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. ग्लायसिन ल्युसिनच्या वर गेलेलं दिसलं की समजावं, कोलाजेन आहे किंवा वरून ग्लायसिन घातलंय. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' असं लिहून घटकांची वेगवेगळी मात्रा लपवलेली असेल तर पुढे वाचायची गरज नाही. काही विक्रेते व्हिडिओत आयोडीनचे थेंब टाकून "बघा, निळं झालं नाही, भेसळ नाही" असं दाखवतात. आयोडीन पिष्टमय पदार्थ निळा करतं. माल्टोडेक्स्ट्रिनला तसा निळा रंग चढतच नाही. म्हणजे ती चाचणी भेसळ असलेला डबाही पास करते.

माल्टोडेक्स्ट्रिनचा दुसरा घोळ 'साखर नाही' या शब्दांत आहे. लेबलच्या व्याख्येने ते साखरेत मोडत नाही, पण आतड्यात पोचल्यावर झपाट्याने ग्लुकोज होतं. बायपास झालेल्याला, आणि काही स्लीव्हवाल्यांनाही, ते घेतल्यावर १० ते ३० मिनिटांत छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात कळा येतात, जुलाब होतात; किंवा एक ते तीन तासांनी रक्तातली साखर घसरून हातपाय थरथरतात. याला डम्पिंग म्हणतात. विक्रेत्याच्या भाषेत मात्र हेच "शरीर डिटॉक्स होतंय" असतं आणि उपाय म्हणून डोस वाढवायला सांगितलं जातं. माल्टिटॉल, सॉर्बिटॉल असलेल्या 'शुगर फ्री' बारनेही पोट फुगतं, जुलाब होतात, पण तो त्यामानाने साधा त्रास.

आता गोळ्या. इथे खोटं बोलायचीही गरज पडत नाही, क्षार आणि धातू यांतला फरक न सांगितला की झालं. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. डबीवर 'कॅल्शियम सायट्रेट १००० मिग्रॅ' लिहिलेलं असतं आणि माणूस सव्वा गोळीत काम झालं असं समजतो. सायट्रेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम २१ टक्के, म्हणजे त्या गोळीत २१० मिलिग्रॅम. दिवसाला सहा-सात गोळ्या लागतील आणि 'महिन्याची' ३० गोळ्यांची डबी पाचव्या दिवशी संपेल. कार्बोनेटमध्ये ते ४० टक्के असतं, पण त्याला विरघळायला जठरातलं आम्ल लागतं, आणि तेच इथे कमी झालेलं असतं. त्यात पहिले काही महिने आम्ल कमी करणाऱ्या गोळ्याही चालू असतात. म्हणून सायट्रेट बरं. लोहाचंही असंच: ३२५ मिलिग्रॅम फेरस सल्फेटमध्ये लोह ६५ मिलिग्रॅम, म्हणजे २० टक्के, तर ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १२ टक्के.

'सगळं एकाच गोळीत, दिवसातून एकदा' हा दावा तर साध्या वजनकाट्यावर उघडा पडतो. १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम सायट्रेटमधून द्यायचं तर नुसता क्षारच सात ग्रॅमहून जड होतो. एवढी गोळी धडधाकट माणसाच्या घशाखाली उतरणार नाही, स्लीव्हवाल्याचं सोडाच. शिवाय शरीर एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमपर्यंतच कॅल्शियम नीट शोषतं आणि कॅल्शियम लोहाच्या आड येतं, म्हणून दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवावं लागतं. एकाच गोळीत दोन्ही भरपूर असल्याचं कोणी सांगितलं तर एक तर मात्रा खोटी, नाही तर विकणाऱ्याला विषय माहीत नाही.

कातडीवर चिकटवायचे व्हिटॅमिन पॅच गोळ्या न जाणाऱ्यांना फार मोहात पाडतात. त्वचेतून ५०० डाल्टनहून (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) मोठे रेणू सहसा आत जात नाहीत. बी-१२ चा रेणू १३५५ डाल्टनचा आहे. आणि १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम त्या पातळ चकतीवर मावणार तरी कुठे? गमीज, म्हणजे चघळायच्या मऊ व्हिटॅमिन गोळ्या, नावाला औषध, गुणाला गोळी-बिस्किट: बहुतेकांत लोह नसतं, थायमिन (बी-१) नसतं किंवा नावापुरतं असतं, साखर मात्र बहुधा असते.

थायमिनचा उल्लेख आलाच आहे तर इथे थांबायला हवं, कारण पैसे बुडाले तर परत कमावता येतात, तब्येतीचं तसं नाही. शरीरातला थायमिनचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. किट विकणारे बऱ्याचदा "आमचं घेताना बाकी गोळ्या बंद ठेवा" असं बजावतात, आणि उलट्या सुरू झाल्या की "पोट नवीन सवय लावून घेतंय" म्हणतात. वारंवार उलट्या आणि थायमिन बंद, या दोन गोष्टी एकत्र आल्या की काही आठवड्यांत मेंदूला इजा होऊ शकते. एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. तिन्ही दिसायची वाट पाहायची नसते. अन्न-पाणी टिकत नसेल तर शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जायचं. दुसऱ्याच दवाखान्यात जावं लागलं तर "माझं बॅरिअॅट्रिक ऑपरेशन झालंय, ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन द्या" हे वाक्य स्पष्ट सांगायचं, कारण आधी ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं.

पुढची फांदी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मोडते: केस. वजन झपाट्याने उतरल्याचा आणि शस्त्रक्रियेचा ताण बसून बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि तीनेक महिन्यांनी गळतात. मुळं शाबूत असतात. प्रथिनं, लोह, झिंक पुरेसं असेल तर काही महिन्यांत गळती आपोआप थांबते. विक्रेता चौथ्या महिन्यात बायोटिनच्या कॅप्सूल देतो, "सहा महिने सोडू नका" म्हणतो आणि दहाव्या महिन्यात आधी-नंतरचे फोटो मागतो. बायोटिनच्या मोठ्या मात्रेने थायरॉइड आणि ट्रोपोनिनसारख्या (हृदयाला इजा झाली का ते पाहणाऱ्या) काही रक्तचाचण्यांचे आकडे चुकतात, हे तो सांगत नाही. ते घेतच असाल तर चाचणीआधी डॉक्टरांना सांगून किमान दोन दिवस बंद ठेवा. सहा महिने गळती चालूच राहिली किंवा उशिरा सुरू झाली तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि झिंक तपासा. तेव्हा कमतरता खरी असू शकते.

दीड-दोन वर्षांनी थोडं वजन परत चढतं, तेव्हा 'पाच दिवसांत पाउच रीसेट' येतो, म्हणजे पोटाची पिशवी पुन्हा लहान करून देण्याचा दावा. पाच दिवस पातळ घेतल्याने जठर आकसत नाही. पुन्हा तेच ग्लायकोजेन, तेच पाणी.

'हर्बल' भूक-मारक कॅप्सूलच्या बाबतीत मात्र गय नको. अशा मालात सिबुट्रामिन हे भूक मारणारं औषध लपवलेलं अनेकदा सापडलं आहे. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे ते २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत बाजारातून काढलं गेलं. तोंडाला कोरड, झोप उडणं, धडधड आणि भूक एकदम नाहीशी झाली तर कॅप्सूल बंद करून डॉक्टरांना दाखवा. गुडघेदुखीच्या 'हर्बल' गोळ्यांत डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक निघालं तर बायपासच्या जोडावर व्रण होऊ शकतो.

पैसे जातात ते बहुधा 'ट्रायल पॅक'च्या वाटेने. कार्डाचा तपशील एकदा दिला की दर महिन्याला रक्कम वजा होते आणि रद्द करण्याचं बटण सापडत नाही. विक्रेत्याशी घोळ घालण्यात दिवस घालवू नका. बँकेला सांगून ती कायमची सूचना बंद करा, गरज पडली तर कार्ड बदला, आणि वजा झालेल्या व्यवहारावर लगेच हरकत नोंदवा. उशीर झाला की मुदत निघून जाते. तोंडी दावे टिकत नाहीत, म्हणून मेसेज, जाहिरात, पावती यांचे स्क्रीनशॉट आधी काढा, कारण तक्रारीचा सुगावा लागला की खातंच गायब होतं. अन्न-औषध नियामकाकडे तक्रार करताना बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि उत्पादकाचा पत्ता लागतो. हे तिन्ही डब्यावर नसतील तर तेही तक्रारीत लिहा.

उरलेली पावडर फेकू नका. डबा बंद करून, लेबलासकट, पुढच्या तपासणीला पिशवीत घालून न्या. तपासण्या साधारण तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, मग दरवर्षी होतात; हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन एवढं त्यात असावं. रक्तातलं कॅल्शियम ठीक आलं म्हणून निर्धास्त होऊ नका: ते कमी पडलं की शरीर हाडांतून काढून रक्तात भरतं, आणि ती उचल पॅराथायरॉइडच्या आकड्यात आधी दिसते. सव्वा गोळीच्या हिशोबाने सायट्रेट चार महिने घेतलं असेल तर हा आकडा मुद्दाम मागून घ्या.