आरसीए एआर-88डी रिसीव्हर : ओळख पटवण्यापासून आठ महिन्यांच्या वापरापर्यंत

पुण्याच्या जुन्या बाजारातून हा रिसीव्हर, म्हणजे रेडिओ ऐकण्याचा संच, घरी आणला तेव्हा त्यावर नामपट्टी नव्हती. विकणाऱ्याने तो जहाजावरचा, ब्रिटनच्या मार्कोनी कंपनीचा असल्याचे सांगितले होते, म्हणजे तो युद्धकाळातील सीआर-100 असायला हवा होता. सुमारे 45 किलो वजनाचा, दोघांनी धरून टेबलावर ठेवावा लागणारा हा संच मी आठ महिने जवळजवळ रोज वापरत आहे. तो मार्कोनी नसून अमेरिकेच्या आरसीए कंपनीचा एआर-88डी आहे, हे आता खात्रीने सांगता येते.

पहिली शंका व्हॉल्व्हच्या, म्हणजे रेडिओतील काचेच्या किंवा धातूच्या निर्वात नळ्यांच्या, संख्येवरून आली. सीआर-100 मध्ये 11 व्हॉल्व्ह असतात. इथे 14 निघाले, त्यांत पाच 6एसजी7, मिक्सरला 6एसए7, आउटपुटला 6के6 आणि ऑसिलेटरचा, म्हणजे संचातच वारंवारता निर्माण करणाऱ्या भागाचा, विद्युतदाब स्थिर ठेवणारा व्हीआर-150. व्हॉल्व्ह कोणीही बदलू शकतो, पण चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, तीन सॉकेट वाढवण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही.

खरा उलगडा मात्र डायलवर जी जागा सोडलेली असते तिच्यामुळे झाला. सुपरहेट रिसीव्हर प्रत्येक स्टेशनचा संकेत ऑसिलेटरच्या मदतीने एकाच ठरावीक मध्यम वारंवारतेवर, म्हणजे आयएफवर, आणतो, आणि त्या वारंवारतेवरचे स्टेशन तो घेऊ शकत नाही, म्हणून रचनाकार तेवढा पट्टा वगळतो. सीआर-100 चा आयएफ 465 किलोहर्ट्झ असल्याने त्याच्या डायलवर 420 ते 500 किलोहर्ट्झचा भागच नाही. एआर-88 च्या एलएफ (कमी वारंवारतेच्या) या भावंडाला 73 ते 550 किलोहर्ट्झ ऐकायचे होते, म्हणून त्याचा आयएफ 735 वर नेला आणि मध्यमलहरींचा बहुतेक भाग सोडून दिला. माझ्या संचाची डायल 535 किलोहर्ट्झच्या आसपास सुरू होऊन सहा पट्ट्यांत सलग 32 मेगाहर्ट्झपर्यंत जाते, आणि हे वर्णन 455 किलोहर्ट्झ आयएफ असलेल्या डी प्रकाराशी जुळते.

तरीही डायलची पट्टी दुसऱ्या संचावरून आलेली असू शकते, त्यामुळे पडताळा आवश्यक होता. मी या रिसीव्हरवर आकाशवाणी पुणे, 792 किलोहर्ट्झ, नीट लावले आणि शेजारी एक लहान डिजिटल रेडिओ ठेवून तो 1240 पासून एकेक किलोहर्ट्झने वर नेला. 1247 वर त्याची खरखर एकदम दबली. मोठ्या संचाची नॉब किंचित हलवली की खरखर परत येई, पूर्ववत केली की पुन्हा शांतता. तो याच रिसीव्हरच्या ऑसिलेटरचा संकेत होता. ऑसिलेटर स्टेशनपेक्षा आयएफएवढा वर चालतो, म्हणून आयएफ निघाला 1247 वजा 792, म्हणजे 455. सीआर-100 असता तर हीच शांतता 1257 च्या आसपास मिळाली असती. ज्यांच्याकडे सिग्नल जनरेटर नाही त्यांनी ही रीत अवश्य वापरावी. तीत झाकणही उघडावे लागत नाही.

याच प्रकारचा रिसीव्हर दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या, शत्रूचे संदेश टिपणाऱ्या केंद्रांमध्ये एचआरओ या दुसऱ्या अमेरिकी रिसीव्हरच्या जोडीने वापरला जात असे, हे त्यानंतर वाचले तेव्हा फार समाधान वाटले.

दुरुस्तीत बहुतेक वेळ कागदी कंडेन्सरांनी घेतला. ते चपट्या धातूच्या डब्यांत बंद आहेत, बाहेरून नवे दिसतात आणि आतून गळतात. 6के6 च्या पाच क्रमांकाच्या पिनवर, म्हणजे ज्या ग्रिडवर संकेत दिला जातो तिथे, मल्टिमीटरने 11 व्होल्टचा धन दाब दाखवला. तिथे धन दाब असायलाच नको. आधीच्या टप्प्याशी जोडणारा कपलिंग कंडेन्सर बदलताच तो गेला आणि व्हॉल्व्हचे अतिरिक्त तापणेही थांबले. आत 250 व्होल्टच्या आसपास उच्च दाब असतो, म्हणून प्लग काढून, फिल्टर कंडेन्सर रिकामे झाल्याची खात्री करूनच हात घालावा. मेन्स ट्रान्सफॉर्मरला वेगवेगळ्या विद्युतदाबांसाठी अनेक टॅप, म्हणजे जोडणीच्या जागा, आहेत. आपल्या 230 व्होल्टला योग्य टॅप निवडला आहे का, हे पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी पाहणे अनिवार्य आहे.

वापरात सर्वाधिक आनंद मुख्य नॉब देते. मागे जड फ्लायव्हील आणि स्प्रिंगने ताणलेले दुहेरी गिअर असल्याने ती एकदा फिरवली की स्वतःच्या वजनाने पुढे जाते, आणि उलट फिरवताना तसूभरही ढिलेपणा जाणवत नाही. सिलेक्टिव्हिटीचे, म्हणजे शेजारची स्टेशने वगळण्याच्या क्षमतेचे, पाच टप्पे आहेत. पहिल्यावर पुणे केंद्रावरचे गायन भरदार ऐकू येते, तर शेवटच्या टप्प्यांत क्रिस्टल फिल्टर लागून एकच मोर्स संकेत गर्दीतून वेगळा काढता येतो. 7 मेगाहर्ट्झवरील हौशी मंडळींचे एसएसबी (एकाच बाजूपट्टीचे प्रसारण) बोलणे ऐकण्यासाठी, ते समजण्यासारखे करणारा बीएफओ नावाचा जादा ऑसिलेटर चालू करून, आरएफ गेन (येणाऱ्या संकेताची वाढ) बराच खाली आणि ध्वनीचा गेन वर ठेवावा लागतो, ही सवय लागायला मला आठवडा गेला. पहिला अर्धा तास संचाची वारंवारता थोडी सरकते. नंतर संपूर्ण गप्पा नॉबला हात न लावता ऐकता येतात.

उणिवाही आहेत. आयएफ 455 च असल्याने सर्वांत वरच्या पट्टीत जोरदार स्टेशन 910 किलोहर्ट्झ, म्हणजे आयएफच्या दुप्पट, अंतरावर पुन्हा क्षीण ऐकू येते, आणि दोन आरएफ टप्पे असूनही ते पूर्ण जात नाही. लाऊडस्पीकरचे आउटपुट 2.5 ओहमचे आहे. मी 4 ओहमचा स्पीकर लावला आहे आणि तो चांगला चालतो. उन्हाळ्यात 100 वॅटच्या आसपासची उष्णता लहान खोलीत जाणवते. घेऊ इच्छिणाऱ्यांनी व्हॉल्व्हची फार काळजी करू नये, ते आजही मिळतात. मात्र कॉइलच्या डब्यांत कोणी हात घातला आहे का आणि ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग शाबूत आहेत का, हे मीटर लावून तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.